सातबाऱ्याबाहेरची माणसे आणि विद्यापीठीय अर्थशास्त्र

विद्यापीठात शिकवले जाणारे अर्थशास्त्र वस्तुनिष्ठ असते, असे ते शिकवणारे सांगत असतात. आकड्याला जात नसते, हे वाक्य तर एम.ए.च्या वर्गात पहिल्या आठवड्यातच कानावर पडते. या दाव्याची तपासणी करणे हा या लेखाचा हेतू आहे. आकड्याला जात नसेलही. पण तो आकडा मोजण्यासाठी जे एकक निवडले जाते त्याचे काय? जमीन मोजायची की मजुरी, खातेदार मोजायचा की त्याच्या बांधावर राबणारी बाई, हे आकडा ठरवीत नाही. आकडा गोळा करणारा ते ठरवतो. एकक एकदा ठरले की पुढचे सारे गणित बिनचूक असूनही काही माणसे त्या गणिताबाहेर राहतात. ती माणसे प्रत्येक वेळी त्याच वस्तीतली का असतात, हा माझा प्रश्न आहे.

ही तपासणी मी उरण तालुक्याच्या आधाराने करणार आहे. त्या तालुक्यातल्या एका गावाच्या बौद्धवाडीत मी वाढलो, पुढे अर्थशास्त्र शिकलो आणि निवृत्त होईपर्यंत तेच शिकवले. परंतु केवळ जन्मभूमी म्हणून मी उरण निवडलेले नाही. खाजणातली भातशेती, कुळकायदा, भूसंपादन, कंटेनर बंदर आणि समुद्रावरचा सेतू हे सारे एका माणसाच्या आयुष्यात जेथे घडले, असे तालुके महाराष्ट्रात फार नाहीत. पाठ्यपुस्तकातले 'आर्थिक विकास' हे प्रकरण येथे जमिनीवर उतरलेले आहे.

सुरुवात मात्र उरणपासून न करता एका निबंधापासून केली पाहिजे. १९१८ साली 'जर्नल ऑफ द इंडियन इकॉनॉमिक सोसायटी' या नियतकालिकाच्या पहिल्या खंडात डॉ. आंबेडकरांचा 'स्मॉल होल्डिंग्ज इन इंडिया अँड देअर रेमेडीज' हा निबंध आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले व मार्च १९२० पर्यंत तेथे होते. प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातून त्यांनी पाणी पिण्यास तेथील काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली, ही गोष्ट धनंजय कीरांच्या चरित्रामुळे सर्वांना ठाऊक झाली आहे. पाण्याची ही गोष्ट आपण सभासभांतून सांगतो. निबंधाची गोष्ट आपणही सांगत नाही आणि विद्यापीठेही पुरेशी सांगत नाहीत.

त्या काळी वाद असा होता : हिंदुस्थानातील शेते लहान आणि विखुरलेली आहेत, म्हणून शेती तोट्यात आहे, तेव्हा शेतांचे एकत्रीकरण करावे आणि पुढे त्यांचे तुकडे पडू देऊ नयेत. मुंबई इलाख्याचे शेती संचालक कीटिंग यांनी तसा कायद्याचा मसुदाच तयार केला होता. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी १९१७ साली प्रसिद्ध केली होती. या मंडळींच्या मते कुटुंबाला बऱ्यापैकी पोसू शकेल ते 'किफायतशीर' धारणक्षेत्र. सत्तावीस वर्षांच्या आंबेडकरांनी या व्याख्येलाच हात घातला. त्यांचे म्हणणे असे की, ही व्याख्या खाणाऱ्या तोंडांवरून केलेली आहे. शेती हा तर उत्पादनाचा व्यवसाय आहे. शेत किफायतशीर आहे की नाही हे त्याच्या आकारावरून कळत नाही. त्या जमिनीबरोबर श्रम आणि भांडवल कोणत्या प्रमाणात जोडले गेले आहे, यावरून ते कळते. बैल नाहीत, अवजारे नाहीत, अशा माणसाचे शेत मोठे केले तर त्याचे दुःखही मोठे होईल. खरे दुखणे निराळेच आहे : शेतीला हवेत त्याहून अधिक हात जमिनीवर अडकून पडले आहेत, ते खातात, पण त्यांच्या श्रमातून काही शिल्लक पडत नाही, म्हणून भांडवल साठत नाही. यावर उपाय औद्योगिकीकरणाचा. उद्योगांनी रिकामे श्रम ओढून घेतले म्हणजे शेते आपोआप सावरतील.

'प्रच्छन्न बेकारी' हा शब्दप्रयोग जोन रॉबिन्सन यांनी १९३६ साली रूढ केला. आर्थर लुईस यांचा अतिरिक्त श्रमांविषयीचा प्रसिद्ध लेख १९५४ चा. मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागातील सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद यांनी १९५६ साली 'प्लॅनिंग फॉर अॅन एक्स्पांडिंग इकॉनॉमी' या ग्रंथात, शेतीतल्या या अतिरिक्त श्रमांना धान्यादी मजुरी-वस्तू पुरवून कामाला लावता येईल, असा सिद्धांत मांडला. 'बाबासाहेबांनी हे आधीच सांगितले होते' असे म्हणून टाळ्या मिळवणे यामुळे सोपे झाले आहे. पण पहिला कोण, या स्पर्धेत मला रस नाही. त्या निबंधाचे मोल त्याच्या पद्धतीत आहे. सगळे विद्वान जे माप हातात घेऊन उभे होते, ते मापच एका तरुणाने तपासायला मागितले. संशोधन म्हणजे काय, हे शिकवायला याहून चांगला पाठ मला माहीत नाही.

हा पाठ आमच्यापर्यंत पोहोचला मात्र उशिरा. महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखनाचा पहिला खंड १९७९ साली काढला, तेव्हा तो निबंध सामान्य विद्यार्थ्याच्या हाती लागला. मधली साठ वर्षे तो जुन्या ग्रंथालयांच्या कपाटात होता. मी एम.ए. केले त्या विभागात भारतीय आर्थिक विचारांच्या पेपराला दादाभाई, रानडे, गोखले आणि गांधी नेमलेले होते. आंबेडकर होते ते राज्यशास्त्राच्या जिन्यावर, संविधानाच्या पेपरात. कोलंबियाची पीएच.डी. आणि लंडनची डी.एस्सी. अर्थशास्त्रात मिळवणाऱ्या माणसाला अर्थशास्त्राच्या वर्गात जागा नव्हती, आणि याचे तेथे कोणाला आश्चर्यही वाटत नव्हते.

आता उरणकडे वळू. १९१८ च्या निबंधाची कसोटी घ्यायला हा तालुका नेमका आहे. समुद्राला बांध घालून, उघाड्या बसवून मिळवलेली खारजमीन, तीत एकच भाताचे पीक, शेजारी मिठागरे आणि खाडी. बांधाला खांड पडली की वर्षाचे पीक खाऱ्या पाण्यात. जमीन सावकार-जमीनदारांची आणि कसणारी कुळे बहुतांशी आगरी. याच जिल्ह्यात अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ असा शेतकऱ्यांचा संप चालला. बाबासाहेब त्या कुळांच्या पाठीशी उभे राहिले आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढे कुळकायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी कसेल तो मालक ठरला. हा मोठा विजय होता आणि त्याचे श्रेय लढणाऱ्या कुळांचेच आहे.

पण कायद्याने 'कसणारा' कोणाला म्हटले? खंड देणाऱ्या कुळाला. त्याच्या शेतावर रोजाने लावणी करणारी, कापणी-झोडणी करणारी, बांधाला चिखल वाहणारी माणसे कायद्याच्या भाषेत कसणारी नव्हती. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली. महार वतन हे गुलामीचे जोखड आहे, असे बाबासाहेब १९२८ पासून सांगत होते. ते जोखड गेले हे चांगलेच झाले; पण वतनाच्या जमिनी परत मिळवायच्या तर पैसे भरा, आणि मिळाल्या तरी त्या नवीन शर्तीच्या, म्हणजे परवानगीवाचून विकता न येणाऱ्या. ज्यांच्याकडे भरायला पैसे नव्हते त्यांचे नाव सातबाऱ्यावर लागलेच नाही.

याच सुमारास औद्योगिकीकरण आले. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनींवर संपादनाची छाया पडली. भाव मातीमोल होता. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले आणि १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व या रक्तातून निघाले. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले.

बाबासाहेबांचा युक्तिवाद आठवा. उद्योगाने शेतातला जादा माणूस उचलायचा होता. उरणला माणसाखालचे शेत उचलले गेले आणि माणूस होता तेथेच उभा राहिला. कंटेनर बंदराला मोठमोठ्या क्रेना लागतात, रुंद रस्ते लागतात, मैलभर पसरलेली आवारे लागतात. त्या मानाने माणसे थोडीच लागतात. म्हणजे उद्योग आला, पण निबंधाने ज्या कारणासाठी उद्योग मागितला होता ते कारण बाहेरच राहिले. उरणकडे बोट दाखवून कोणी १९१८ चा निबंध खोटा ठरवू पाहील तर ते चूक होईल. अमुक इतक्या कोटींची गुंतवणूक झाली, अमुक इतका माल हलला, हे विकासाचे माप तो निबंध मान्यच करीत नाही. त्याचे माप एकच : किती रिकाम्या हातांना उत्पादक काम मिळाले?

आणि ज्या हातांना काम मिळायचे त्यांची यादी कशी झाली? प्रकल्पग्रस्ताचा दाखला हा नोकरीच्या दारातला पहिला कागद, आणि तो मुख्यतः संपादित जमिनीच्या आधारावर मिळतो. साडेबारा टक्क्यांचे सूत्रही तसेच. शंभर गुंठे गेलेल्याच्या हिशोबात साडेबारा गुंठे येतात. ज्याच्या नावावर काहीच नव्हते त्याच्या हिशोबात काय येणार? शून्याचे साडेबारा टक्के शून्यच. भूमिहीनाला काही द्यायचे झाले तर ते या सूत्राबाहेर, वेगळी मेहरबानी म्हणून द्यावे लागते. सूत्रातून त्याचा हक्क निघत नाही. खातेदाराशी माझे भांडण नाही. त्याने जे मिळवले ते गोळ्या झेलून मिळवले. माझे भांडण सूत्राशी आहे, आणि अशी सूत्रे ज्या शास्त्राच्या भाषेत लिहिली जातात त्या शास्त्राशी आहे.

त्या शास्त्राची मला ओळख झाली ती माझ्या प्रबंधाच्या वेळी. विषय होता भूसंपादनाचे ग्रामीण कुटुंबांवर झालेले परिणाम. विभाग आणि विद्यापीठ यांची नावे येथे सांगण्याचे कारण नाही. जे घडले ते कोठेही घडू शकले असते. माझी प्रश्नावली छापील नमुन्यावरून तयार झाली होती. पहिला प्रश्न : एकूण धारणक्षेत्र, हेक्टरमध्ये. दुसरा : त्यापैकी ओलिताखालील. तिसरा : संपादित क्षेत्र. बौद्धवाडीत आणि कातकरीवाडीत ती प्रश्नावली घेऊन गेलो की पहिली तीन पाने कोरी राहत. चौथ्या पानावर 'शेरा' नावाची दोन इंचांची जागा होती. त्या वस्त्यांची सारी अर्थव्यवस्था मला त्या दोन इंचांत लिहावी लागे.

मी मार्गदर्शकांकडे गेलो. माणूस सज्जन होता, ही गोष्ट मुद्दाम नोंदवतो. त्यांनी कोऱ्या पानांचा गठ्ठा बाजूला केला आणि म्हणाले, "ही कुटुंबे नमुन्यातून वगळा."

"पण सर, हीही त्याच गावातली आहेत."

"अहो, तुमचा विषय भूसंपादनाचा परिणाम. ज्याला भूमीच नाही त्याच्यावर भूसंपादनाचा परिणाम कसा होईल? नमुना खातेदारांच्या यादीवरून काढा, म्हणजे कोणी हरकत घेणार नाही."

तर्कशास्त्राच्या दृष्टीने या उत्तरात खोट काढणे कठीण होते. खोट दिसायला माझी आई आठवावी लागत होती. मृगाचे पाऊस लागले की ती खारपाट्यातल्या शेतांवर लावणीला जाई. पीक उभे असता बांधावरचे गवत कापून विकी. कापणी-झोडणी झाली की मळणीच्या वेळचे भात पदरात येई आणि शेतात पडलेल्या लोंब्या वेचून आणी. उन्हाळ्यात मिठागरावर डोक्यावरून मीठ वाही. भरती-ओहोटी पाहून खाडीत उतरे. निवट्या, चिंबोऱ्या, कालवे आणी. जळणही खाजणातलेच. यातली एक गुंठा जमीन तिची नव्हती, आणि तिचा एक दिवसही त्या जमिनीवाचून जात नव्हता. शेते भरावाखाली गेली तेव्हा खातेदाराचे उत्पन्नाचे एक साधन गेले आणि त्याबद्दल, अपुरा का होईना, मोबदला आला. आईची सहा साधने गेली आणि त्यांतल्या एकाचीही पावती कोणाकडे नव्हती.

प्रबंध मी खातेदारांवर लिहिला आणि वगळलेल्या कुटुंबांची माहिती परिशिष्ट म्हणून जोडली. त्या परिशिष्टात हेक्टरचा रकाना नव्हता. वर्षातले कामाचे दिवस, कोणाच्या शेतावर, कोणत्या ऋतूत, मजुरी पैशांत की भातात, असे रकाने होते. मौखिक परीक्षेत दोन्ही परीक्षकांनी प्रतिगमनाच्या समीकरणांवर अर्धा तास प्रश्न विचारले. परिशिष्टावर एकही प्रश्न आला नाही.

हे सारे मी तक्रार म्हणून सांगत नाही. विद्यापीठीय संशोधनाची एक घडण येथे दिसते, ती दाखवायची आहे. संशोधक सोपी यादी शोधतो. सोपी यादी तलाठ्याकडे असते. तलाठ्याची यादी महसुलासाठी केलेली असते, म्हणून तीत महसूल देणारा असतो. म्हणजे इंग्रजांच्या तिजोरीला ज्याची गरज होती तो माणूस आमच्या प्रबंधांचा नायक होतो, आणि ज्याची तिजोरीला गरज नव्हती तो आमच्या शास्त्रालाही दिसत नाही. यात कोणाचा दुष्टावा असावाच लागतो असे नाही. जात टिकायला दरवेळी दुष्टावा लागत नाही. जुनी यादी पुरते.

'मोजता येत नाही म्हणून मोजले नाही' ही या संदर्भातली नेहमीची सबब. तिला उत्तर उरणच्याच खाडीने दिले आहे. बंदराच्या विस्तारामुळे आपली मासेमारी बुडाली, अशी दाद येथील पारंपरिक मच्छिमारांनी राष्ट्रीय हरित लवादाकडे मागितली. मच्छिमारांकडे सातबारा नसतो. भरतीच्या पाण्यावर कोणाचे नाव लावणार? तरीही २७ फेब्रुवारी २०१५ रोजी लवादाच्या पुणे खंडपीठाने १६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख २० हजार रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. कुटुंबामागे ही रक्कम ५ लाख ८४ हजार रुपये होते. आदेश दिला म्हणजे पैसे हाती पडले असे होत नाही, आणि कोर्टकचेरीची वाट किती लांब असते हे गरिबाला सांगायला नको. माझा मुद्दा एवढाच की, जमिनीऐवजी जगण्याचे साधन हे एकक धरले तर भूमिहीनाचे नुकसानही रुपयांत मांडता येते. हे काम खरे तर अर्थशास्त्र विभागांनी करून दाखवायला हवे होते. ते मच्छिमारांनी लवादापुढे उभे राहून करून दाखवले. त्याच खाडीत हाताने चिंबोऱ्या धरणाऱ्या आमच्या बाया मात्र 'पारंपरिक मच्छिमार' या शब्दात बसतील की नाही, हा प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही.

एककाची ही गंमत विद्यापीठाच्या भिंतींआडही चालते. प्राध्यापकांच्या राखीव जागा मोजताना संपूर्ण विद्यापीठ हे एकक धरावे की एकेक विभाग, असा वाद झाला. एप्रिल २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने विभाग हे एकक ठरवले. मार्च २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने तसे परिपत्रक काढले आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. लहान विभागांसाठीच्या तेरा बिंदूंच्या नामावलीत अनुसूचित जातीची जागा सातव्या क्रमांकावर येते आणि अनुसूचित जमातीची चौदाव्या. सहा प्राध्यापकांच्या अर्थशास्त्र विभागात मग दलित कधी येणार? आरक्षणाची टक्केवारी एका अंशानेही कमी झाली नव्हती. फक्त एकक लहान झाले होते आणि तेवढ्याने माणूस नाहीसा होत होता. देशभर आंदोलन झाले, मार्च २०१९ मध्ये अध्यादेश निघाला आणि जुलैमध्ये केंद्रीय संस्थांसाठी कायदा होऊन संस्था हे एकक पुन्हा ठरले. साडेबारा टक्क्यांचे सूत्र आणि तेरा बिंदूंची नामावली या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांच्यातली युक्ती मात्र एकच आहे.

आपली माणसे या विभागांत पोहोचलीच नाहीत, असे कोणी म्हणू नये. भालचंद्र मुणगेकर मुंबई विद्यापीठात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते आणि २००० साली तेथेच कुलगुरू झाले. नरेंद्र जाधव रिझर्व्ह बँकेतले अर्थशास्त्रज्ञ. पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी भूषवले. सुखदेव थोरात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. थोरातांनी पॉल अॅटवेल यांच्यासह २००७ साली प्रसिद्ध केलेली पाहणी मला येथे विशेष महत्त्वाची वाटते. शिक्षण आणि पात्रता सारखीच, आडनाव तेवढे निराळे, असे नोकरीचे अर्ज त्यांनी खाजगी कंपन्यांकडे पाठवले आणि सवर्ण आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाला बोलावणे येण्याची शक्यता कमी असते, हे दाखवून दिले. बाजार जात पाहत नाही, हे पाठ्यपुस्तकातले गृहीत त्यांनी मोजून तपासले. १९१८ च्या निबंधाचा हा खरा वारसा. परंतु व्यक्ती वर गेल्या म्हणून पद्धत बदलतेच असे नाही. कुलगुरूंच्या दालनात बाबासाहेबांची तसबीर लागते आणि खालच्या मजल्यावर प्रश्नावलीचा पहिला प्रश्न 'एकूण धारणक्षेत्र' हाच राहतो.

या सबंध काळात वगळलेल्या माणसांची मोजणी कोणी केली? ती आमच्या साहित्याने केली. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ चे. ते शीर्षकच मुळी एका आर्थिक व्यवस्थेचे नाव आहे. उर्मिला पवारांचे 'आयदान' २००३ चे. कोकणातली एक आई बांबूची आयदाने विणून घर चालवते, तिच्या श्रमाचा ताळेबंद कोणत्याही धारणक्षेत्राच्या तक्त्यात सापडणार नाही. समीक्षकांनी या ग्रंथांतली वेदना पाहिली, विद्रोह पाहिला, बोली पाहिली. त्यांत मजुरीचे, उधारीचे, भुकेच्या दिवसांचे, बाईच्या बिनमोल कामाचे जे तपशील आहेत, ते अर्थशास्त्रीय पुरावा म्हणून फार थोड्यांनी वाचले. पण दलित लेखकांनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. आत्मकथन एका घराचा हिशोब देते. धोरण ठरवणारा 'हे एकाच घरात घडले' असे म्हणून मोकळा होतो. अनुभवाला बेरीज लागते. ती बेरीज करायला आपली मुले समीकरणांना न भिता अर्थशास्त्रात गेली पाहिजेत, आणि तेथे गेल्यावर आपल्या घराचा हिशोब विसरता कामा नये.

येथे बाबासाहेबांचा पुढचा प्रवास ध्यानात घ्यावा लागतो. १९१८ च्या निबंधात जात हा चर्चेचा विषय नाही. १९२७ साली मुंबई कायदेमंडळात लहान शेतकऱ्यांविषयीचे विधेयक आले तेव्हा त्यांनी पुन्हा आकाराच्या मापाला विरोध केला. १९४७ साली घटना समितीसाठी तयार केलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या मसुद्यात ते आणखी पुढे गेले. एकत्रीकरण करा किंवा कुळकायदा करा, कोट्यवधी अस्पृश्य हे भूमिहीन मजूर आहेत, त्यांना त्याचा उपयोग नाही. म्हणून शेती हा राज्याचा उद्योग करावा आणि जातीचा भेद न करता ती गावकऱ्यांना सामुदायिकपणे कसायला द्यावी, असे त्यांनी मांडले. त्याच वर्षी मुंबई प्रांताने तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा केला, म्हणजे ज्या मापावर त्यांनी एकोणतीस वर्षांपूर्वी घाव घातला होता तेच माप कायद्यात बसवले! आज काही विभागांत १९१८ चा निबंध शिकवला जातो, ही समाधानाची गोष्ट आहे. पण तो एकटा शिकवला तर बाबासाहेब म्हणजे औद्योगिकीकरणाचे एक पुरस्कर्ते एवढेच चित्र उरते, आणि ते चित्र कोणत्याही बंदराच्या माहितीपत्रकात छापता येते. १९१८ आणि १९४७ एकत्र वाचले म्हणजे कळते की, उद्योग हवा हे पहिले वाक्य होते. त्या उद्योगाच्या यादीत शेवटचा माणूस कोणत्या हक्काने असेल, हे दुसरे. उरणला पहिले वाक्य अर्धेमुर्धे अमलात आले आणि दुसरे वाचलेच गेले नाही.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावा शेवा अटल सेतू खुला झाला आणि त्याच दिवशी उरणपर्यंतच्या रेल्वेचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील १२४ गावांसाठी कर्नाळा-साई-चिरनेर नवनगराची अधिसूचना निघाली. २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहात माणसांनी रक्त सांडले तेच हे चिरनेर. पुन्हा मोजणी होईल, पुन्हा याद्या तयार होतील, पुन्हा एखादा टक्का ठरेल. त्या याद्या पुन्हा सातबाऱ्यावरून तयार झाल्या तर या गावांतल्या बौद्धवाड्या आणि कातकरीवाड्या पुन्हा 'शेरा' या दोन इंचांत जातील.

म्हणून माझी मागणी साधी आहे. मुंबई-पुण्याच्या अर्थशास्त्र विभागांनी आणि रायगड जिल्ह्यातील कॉलेजांनी मोजणी सुरू होण्याआधी या गावांत विद्यार्थी पाठवावेत. प्रश्नावलीचा पहिला प्रश्न 'तुम्ही वर्षभर कशावर जगता?' हा असावा. कोणाच्या शेतावर किती दिवस, खाडीतून काय, रानातून काय, बाई काय आणते, मूल काय आणते, हे सारे ऋतूवार लिहावे आणि त्याची बेरीज करावी. ही माहिती परिशिष्टात ढकलू नये. तिच्यावरच पदवी द्यावी. जे विभाग हे करणार नाहीत त्यांनी आपल्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लावण्यापूर्वी त्यांचा निबंध एकदा तरी वाचावा. आणि आमच्या वाड्यांतल्या तरुणांनी विभागांची वाट पाहत बसू नये. एक वही, एक पेन्सिल आणि दारोदार हिंडण्याची तयारी, एवढ्यावर हे काम आज सुरू होऊ शकते. भरपाईच्या मंडपात ज्या दिवशी टेबले मांडली जातील, त्या दिवशी आपल्याही हातात एक यादी असली पाहिजे.